रिपोर्ट नॉर्मल, तरी बोरी पुलावर छाती का आवळते?

पत्र: माझं वय 43. घर गोव्यात बांदोड्याला, नोकरी वेर्ण्याला एका कंपनीत, अकाउंट्समध्ये. गेल्या वर्षी वडिलांना हार्ट अटॅक आला, आता ते बरे आहेत. घराचं कर्ज चालू आहे आणि ऑफिसात दोघांचं काम माझ्या एकट्यावर आलंय. चार महिन्यांपूर्वी बोरी पुलावर गाड्यांच्या रांगेत अडकलो असताना छाती आवळली, धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी झाली. वाटलं, संपलं सगळं. कॅज्युअल्टीत इसीजी नॉर्मल. महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा नॉर्मल. टू-डी इको, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो इसीजी), थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मान आणि खांदे कायम दुखतात. सकाळी निघण्याआधी तीनदा संडासला जावं लागतं. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत. झोप लागावी म्हणून रात्री दोन लार्ज घेतो. पूल टाळायला आता दुर्भाट-रासई फेरीबोटीने जातो. आईने देवीचा प्रसाद घेतला, दिष्ट काढली. बायको म्हणते, मनाचे खेळ आहेत. मित्राने झोपेच्या गोळ्यांची पट्टी दिलीय, अजून घेतलेली नाही. मला खरंच काही झालेलं नाही का?
– एक वाचक, बांदोडा

उत्तर:

नमस्कार.

झालंय. आवळलेली छाती, वाकडी झालेली बोटं, सकाळचे संडासचे फेरे, हे सगळं तुमच्या शरीरात प्रत्यक्ष घडलेलं आहे आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. तपासण्यांनी पाहिलं ते हृदयात, थायरॉइडमध्ये, रक्तात बिघाड आहे का एवढंच. तो सापडला नाही, ही चांगली बातमी आहे आणि ती मनापासून मान्य करा. पण धडधाकट हृदयालाही धोक्याचा इशारा मिळाला की ते जोरात धावतं. इशारा कशामुळे मिळाला ते इसीजीच्या कागदावर उमटत नाही. जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरांनी 1871 साली त्यांच्याकडच्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: धडधड, छातीत दुखणं, दम लागणं, आणि तपासायला गेलं तर हृदयात दोष नाही. म्हणजे वैद्यकाला हे दुखणं दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. बायकोला हा भाग वाचायला द्या.

आता पुलावर काय झालं ते पाहू. त्याला पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा झटका, म्हणतात. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोका हेरतो, आणि आपण विचार करायच्या आधीच हेरतो. त्याचा इशारा मिळाला की सिंपथेटिक नसा सेकंदाभरात कामाला लागतात, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. बसल्या जागी नाडी 110-130 वर जाते. रक्त मांड्यांच्या, दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून तळहात गार पडतात. घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणून उजेड खुपतो. पळायचं किंवा दोन हात करायचे असतील तर ही तयारी उत्तम. तुम्ही मात्र सीटबेल्ट लावून बसलेले, पुढे ट्रक, मागे बस. अंगात सगळी तयारी झाली आणि ती वापरलीच गेली नाही.

अ‍ॅड्रिनलिन रक्तात फार वेळ टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात उतरतो. तो लांबतो तो नव्या भीतीमुळे. तुमच्या बाबतीत ती भीती कुठून आली हे सांगायला नको. वडिलांचा अटॅक डोळ्यांसमोर ताजा आहे, छातीत काही झालं की पहिला विचार तोच येतो, आणि तो विचार आला की अ‍ॅड्रिनलिनचा दुसरा हप्ता सुटतो.

मुंग्या आणि वाकडी बोटं यांनी तुम्ही सगळ्यात जास्त घाबरला असाल. त्यामागे आहे श्वास. घाबरल्यावर माणूस भरभर आणि छातीच्या वरच्या भागाने श्वास घेऊ लागतो. विश्रांतीत मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास होतात, अशा वेळी ते 25-30 वर जातात. ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, नसा चाळवतात. मग ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि पंजा आपोआप वळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्याही थोड्या आकसतात, त्यामुळे गरगरतं आणि आजूबाजूचं सगळं खोटं-खोटं वाटतं. सगळ्यात फसवी गोष्ट अशी की हवा जास्त आत जात असतानाही वाटतं, श्वास पुरत नाही. म्हणून माणूस आणखी जोरात ओढतो.

इथेच लोक चुकतात. शेजारचा म्हणतो, 'मोठ्ठा श्वास घे, खोल घे', आणि तसं केलं की मुंग्या वाढतात. अशा वेळी खोल नको, हळू आणि लहान हवा, आणि भर बाहेर सोडण्यावर हवा. एक हात बेंबीवर ठेवा. आधी आतली हवा सोडून द्या, सुरुवात नेहमी सोडण्याने करा. मग तोंड मिटून नाकाने चार आकडे मोजत घ्या, हाताखालचं पोट जरासं वर आलं की पुरे. मग ओठ बारीक करून, गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. सहा आकडे जमत नसतील तर तीनने घ्या, पाचने सोडा. पाच मिनिटं करा. रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असताना करा, निदान दोन आठवडे. पॅनिकच्या वेळी पहिल्यांदाच करून पाहिलं तर जमत नाही, आणि मग 'हे चालत नाही' म्हणून सोडून दिलं जातं. सोडताना श्वास लांबला की व्हेगस नसेमार्फत हृदयाची गती खाली येते. नाडीवर बोट ठेवलंत तर श्वास सोडताना ठोके थोडे विरळ होताना जाणवतीलही.

प्लास्टिकच्या किंवा कागदाच्या पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. दुखणं खरोखर हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर तो जिवावर बेतू शकतो. कपालभाती आणि भस्त्रिका एरवी करत असाल तर करा, पण घाबरं झालेलं असताना नको, त्यात श्वास आणखी भरभर होतो.

पुढचं वाचायच्या आधी ही ओळख पक्की करा, कारण 'माझं टेन्शनचंच आहे' असं समजून घरी बसणंही धोक्याचं आहे. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं किंवा वजन ठेवल्यासारखं दुखतंय, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकतंय, गार घाम आणि उलटीची भावना आहे, चढ चढताना येतं आणि थांबल्यावर कमी होतं, किंवा ते दुखणं पंधरा मिनिटं झाली तरी हटत नाही, यांतलं काहीही झालं तर सोडा पिऊन किंवा पित्ताची गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. शुद्ध हरपली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तरीही 108. नाडी बसल्या बसल्या अचानक 150 च्या वर गेली आणि अचानकच उतरली, किंवा ठोके अनियमित पडतायत, तर तेवढ्या वेळातला इसीजी हवा. तो पॅनिक नसून हृदयाच्या लयीचा बिघाड असू शकतो आणि दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. नाडी मोजायला अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा, तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा.

याउलट तुमच्यासारखा, ओळखीच्या ठिकाणी ओळखीच्या क्रमाने येणारा, मुंग्यांसह चढणारा आणि अर्ध्या तासात उतरणारा झटका, तोही टीएमटी नॉर्मल असताना, तर दरवेळी नवा इसीजी काढून समाधान मिळणार नाही. ते दोन दिवस टिकतं, मग शंका परत येते. पुढे काही नवं, वेगळं वाटलं तरच जा. मनगटावर स्मार्टवॉच असेल तर दर पाच मिनिटांनी ठोके पाहणं बंद करा. नाडी दिवसभर वर-खाली होतच असते, तुम्ही मात्र प्रत्येक आकड्याला घाबराल.

मान-खांद्यांचं दुखणं सरळ आहे. ताणात खांदे नकळत कानांकडे चढतात आणि स्नायू तासन्‌तास आकसलेले राहतात. फासळ्यांमधल्या स्नायूंचंही तेच होतं, त्यातून छातीत टोचतं, एका बोटाने जागा दाखवता येते, दाबलं की दुखतं. दिवसातून चार वेळा थांबून पाहा: वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? बोलत-जेवत नसताना त्यांच्यात थोडं अंतर असायला हवं. स्नायू सैल करायची जी पद्धत शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी मांडली ती आजही वापरात आहे. रात्री पाठीवर पडा. पावलं, पिंढऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ, या क्रमाने एकेक भाग पाच-सात सेकंद ताणा आणि वीस सेकंद एकदम सैल सोडा. पूर्ण जोर लावू नका, साधारण दोन तृतीयांश पुरे, नाहीतर पिंढरीत गोळा येतो. पंधरा मिनिटं लागतात.

पोटाचं थोडं वेगळं आहे. ताणात जठराचं काम मंदावतं म्हणून जड वाटतं, ढेकर येतात. मोठ्या आतड्याची हालचाल उलट वाढते. सकाळी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन एरवीही वरच असतं, त्यात उपाशीपोटी कडक चहा आणि 'आज पूल' हा विचार, मग तीन फेरे होणारच. उठल्यावर आधी थोडी पेज किंवा पाव खा, चहा त्यानंतर. दिवसाला दोनच कप, दुपारी दोननंतर नाही. कॅफीनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनीही अंगात असतो आणि त्याची धडधड भीतीच्या धडधडीसारखीच वाटते. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा झोपेतून उठून संडासला पळावं लागत असेल तर मात्र ते ताणावर ढकलू नका, दाखवा.

दोन लार्जबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. लार्ज म्हणजे 60 मिली. दोन लार्ज, मग व्हिस्की असो की फेणी, साधारण 40 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. शरीर तासाला आठ-दहा ग्रॅम निपटवतं. रात्री दहाला ग्लास रिकामा झाला तर दोन-तीनच्या सुमारास रक्त साफ होतं, आणि दारूने दाबून ठेवलेली मज्जासंस्था तेव्हा उसळी मारते: धडधड, घाम, टक्क जाग. तुमची जाग नेमकी तीन-साडेतीनची आहे. म्हणजे झोपेसाठी घेतलेलं औषधच झोप मोडतंय, आणि दुसऱ्या दिवशीच्या घाबरेपणात भर घालतंय ती वेगळीच. दर चार-पाच दिवसांनी 30 मिली कमी करत जा. पहिले काही दिवस झोप आणखी बिघडेल, ते अपेक्षित आहे. पण सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, किंवा पत्रात लिहिलंय त्याहून जास्त घेत असाल, तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. त्यात फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. लाज वाटून आकडा कमी सांगू नका, औषधाचं प्रमाण त्यावरच ठरतं.

जाग आलीच तर घड्याळ पाहू नका. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात दुसऱ्या खोलीत बसा, डोळे जडावले की परत जा. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा.

आता फेरीबोट. पूल टाळला की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो की पूल धोक्याचा होता आणि टाळला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती थोडी मोठी होते. आज पूल, उद्या रांग लागणारा कुठलाही रस्ता, मग गर्दीचा बाजार, असं ते पसरतं. म्हणून पुलावर परत जायचं, पण पायरीपायरीने. रविवारी सकाळी बायकोला गाडी चालवायला सांगा, तुम्ही शेजारी बसा. ती चालवत नसेल तर ज्याच्यावर भरवसा आहे असा कुणीही चालेल. पूल ओलांडा, लोटलीच्या बाजूला थांबा, परत या. भीतीला शून्य ते दहा गुण द्या. एकाच सकाळी तीन-चार फेऱ्या करा आणि गुण साधारण निम्म्यावर येईपर्यंत सोडू नका. आठवर असताना घरी परतलात तर मेंदू तेच आठ लक्षात ठेवतो. ही पायरी दोन-तीन रविवारांत सोपी झाली की तुम्ही चालवा, दुसरं माणूस शेजारी. मग एकटे, रविवारीच. मग कामाच्या दिवशी दुपारी. गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी.

हे करताना भीती येणार. ती येऊन आपोआप उतरते हे शरीराला दिसावं, यासाठीच तर जायचं. म्हणून खिशात गोळी, हातात फोन, ओठाला पाण्याची बाटली, हे आधारही हळूहळू सोडायचे, नाहीतर श्रेय त्यांनाच जातं. चालवताना डोळे मिटायचे नाहीत, श्वास मोजत चालवायचं. गरगरलंच तर पुलावर नाही, पूल संपल्यावर कडेला थांबा. आणि टीएमटी नॉर्मल आहे तेव्हा आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चाला. हृदय जोरात धडधडलं तरी काही वाईट होत नाही, याची अंगाला सवय होते.

दोन आठवडे एक वही ठेवा. वेळ, अंगात सगळ्यात आधी काय जाणवलं, त्याच्या तासभर आधी काय खाल्लं-प्यायलं किंवा कुणाशी बोललात, आणि मग तुम्ही काय केलंत. बहुतेकांना दिसतं की झटक्याच्या कितीतरी आधी सूचना मिळालेली असते: उसासे, जांभया, आवळलेला जबडा, गार पडलेली बोटं. श्वासाची पाच मिनिटं तेव्हा करायची.

आईने प्रसाद घेतला, दिष्ट काढली, त्यात बिघडलं काही नाही. तिला तेवढा धीर मिळू दे. फक्त त्यासाठी उपचार लांबवू नका. चार महिने झालेत, रस्ता बदललाय, झोप मोडलीय, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायची वेळ आहे. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही चौकशी करा. संगात ही पर्वरीची संस्था 1996 पासून याच क्षेत्रात आहे. तिच्या कामातून गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिसून आलंय की प्रशिक्षित समुपदेशकाच्या मोजक्या भेटींनीही पिणं आटोक्यात यायला मदत होते. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. ऑफिसात कळेल ही धास्ती असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार, यात चांगली लागू पडते, सहसा दहा-पंधरा भेटी लागतात. औषध लिहून दिलं तर ते बहुधा एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं असेल. त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी जरा वाढू शकते. नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवावं लागतं आणि बंद करताना हळूहळू उतरवावं लागतं.

मित्राने दिलेली पट्टी घेऊ नका. झोपेच्या आणि चिंतेच्या अशा गोळ्या बहुतेक अल्प्राझोलामच्या जातीच्या असतात. तासाभरात हायसं वाटतं, पण काही आठवड्यांत सवय लागते, आणि दोन लार्जवर घेतल्या तर झोपेत श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. फार्मसीतून मनाने धडधड कमी करणारं प्रोप्रानोलॉलही आणू नका, दमा असलेल्याला ते घातक ठरतं. ती पट्टी, तुमची वही आणि इसीजी-टीएमटीची फाईल, तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.